कपाटात प्रत्येकाचा एक खाना

मे महिना लागला की वर्धा जिल्ह्यातल्या घराघरांत ठरावीक कामं निघतात. वर्षाचा गहू भरायचा, पापड-कुरडया करायच्या, कूलरच्या ताट्या बदलायच्या आणि कपाटं उपसायची. पहिली तीन कामं पार पडतात. कपाटाचं काम मात्र बहुतेक घरांत अर्ध्यावर राहतं. सगळं बाहेर काढायचं, झटकायचं, डांबराच्या गोळ्या टाकायच्या आणि होतं तसंच पुन्हा आत ठेवायचं, एवढ्यावर ते संपतं. यंदाच्या सुट्टीत आम्ही घरच्या मंडळींनी नऊ दिवस काढून झोपायच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट खरोखर नव्यानं केलं. गवंडी फक्त अर्धा दिवस बोलावला, बाकी काम घरातल्या दहा हातांनी झालं. त्या कामात कळलेल्या गोष्टी आपल्यासारख्याच घरांना उपयोगी पडतील, म्हणून इथे मांडत आहोत.

कप्पे कोणाचे?

कपाटाच्या कप्प्याला उर्दूत 'खाना' म्हणतात. हाच शब्द मराठीत दवाखाना, कारखाना, तोफखाना अशा कितीतरी शब्दांत येऊन बसला आहे. फारसीत खाना म्हणजे मुळात घर. म्हणजे कपाटातला कप्पा हे एक छोटं घरच. मग आपल्या कपाटातल्या या छोट्या घरांत राहतं कोण?

हातोडी उचलण्याआधी आम्ही एका कागदावर हाच हिशेब लिहिला. आमच्या कपाटाला कप्पे आठ. वरच्या दोन कप्प्यांत रजया आणि पाहुण्यांच्या चादरी. दोन कप्पे अब्बांच्या कपड्यांचे. अब्बांच्या इंतकालाला तीन वर्षं झाली. एका कप्प्यात मुलांची लहानपणची झबली-टोपडी. एकात मोबाइलचे रिकामे खोके, बंद घड्याळं, लग्नांत आलेले आणि कधीच न उघडलेले कपबशांचे संच. उरलेल्या दोन कप्प्यांपैकी एक आम्हा दोघांचा आणि एक मुलगा-मुलगी मिळून दोघांचा. अम्मींच्या नावाचा कप्पा नव्हताच. त्यांचे कपडे, बुरखा, जानमाज खाटेखालच्या लोखंडी पेटीत. वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे. एक ओढणी काढायची तरी खाली बसून पेटी ओढावी लागायची, नाहीतर कोणाला तरी हाक मारावी लागायची. अम्मींनी याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. कागदावर मात्र स्पष्ट दिसत होतं. घरात माणसं पाच आणि वापरातले कप्पे दोन. बाकी सगळी जागा न वापरल्या जाणाऱ्या वस्तूंची.

आमच्या वर्ध्याजवळच सेवाग्रामची बापू कुटी आहे. १९३६ साली गांधीजी या गावी राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये पडलं. कुटी मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेली. मातीच्या भिंती, बांबू, कौलांचं छप्पर. १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच सेवाग्रामला आले होते. शिक्षणशास्त्र शिकलेल्यांना हे नाव शाळेच्या चौकटीवर केलेल्या टीकेमुळे माहीत असतं. त्या कुटीत बसून सुचलेले विचार त्यांनी तिथल्या भाषणात मांडले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : माणसाचं घर वेगळं आणि सामान ठेवायची वास्तू वेगळी, आज आपण बांधतो त्या वास्तूंत माणसाच्या सोयीपेक्षा सामानाच्या सोयीचा विचार जास्त असतो. बापू कुटीसारखं राहणं आपल्यापैकी फार थोड्यांना जमेल. पण कपाटाच्या बाबतीत हा प्रश्न स्वतःला विचारून बघायला कुणाचीच हरकत नसावी.

अब्बांचे कपडे

सगळ्यांत अवघड काम फळ्या-खिळ्यांचं नव्हतं, ते या दोन कप्प्यांचं होतं. अब्बांची शेरवानी, आठ कुर्ते-पायजमे, दोन स्वेटर, लोकरी टोपी, चष्म्याचं घर. तीन वर्षं कोणी हात लावला नव्हता. बऱ्याच घरांत असा एखादा कप्पा असतो. तो उघडला तरी घर गप्प होतं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण अनेक ठिकाणी तिच्याकडे दुर्लक्ष होतं. शरीअतप्रमाणे गेलेल्या माणसाचे अंगावरचे कपडेसुद्धा तरक्यात मोजले जातात. घर, शेत, पैसा यांच्यासारखीच घड्याळ, शेरवानी, सायकल हीसुद्धा सगळ्या वारसांची मालमत्ता. त्यात बायको आली आणि मुलीही आल्या. म्हणून जो घरात राहतो त्याने परस्पर वाटून टाकणं बरोबर नाही, मग ते खैरात म्हणून का असेना. आधी सगळ्या वारसांची रजामंदी घ्यावी. एखादा वारस नाबालिग असेल तर त्याच्या हिश्शाला हात लावू नये, जाणत्या आलिमांना विचारावं. आम्ही नागपूरच्या भावाला आणि यवतमाळच्या बहिणीला फोन केला. बहिणीने फक्त चष्म्याचं घर मागितलं. भावाने घड्याळ. शेरवानी नातवासाठी ठेवायची, असं अम्मींनी ठरवलं. बाकीचे कपडे अम्मींनी स्वतः एकेक करून घडी घातले. जे फाटके होते ते वेगळे काढले. दुसऱ्याला द्यायचं ते आपण घालू शकू असं असावं, हा अम्मींचा नियम. आठ दिवसांनी कपडे गरजूंच्या हाती गेले. त्या दुपारी अम्मी बराच वेळ अब्बांविषयी बोलत बसल्या. मुलांनी आजोबांच्या काही गोष्टी पहिल्यांदाच ऐकल्या.

आधी भिंत, मग फळी

भिंतीतल्या कपाटाचा खरा शत्रू ओल. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि जूनपासून चार महिने पाऊस. उन्हाने बाहेरच्या प्लास्टरला बारीक भेगा पडतात, पावसाचं पाणी त्यातून मुरतं आणि आतल्या कपड्यांना कुबट वास लागतो. अशा भिंतीवर कितीही महागडा रंग लावला तरी वर्षभरात पापुद्रे निघतात.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. पावसाळ्यात साधारण एक फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा घ्या. तो भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले तर हवेतला दमटपणा कपाटात कोंडतो आहे. पहिल्या प्रकारात भिंतीची बाहेरून दुरुस्ती हवी, दुसऱ्यात वारा खेळायला जागा. आम्ही हे गेल्या ऑगस्टमध्येच करून ठेवलं होतं. ओल भिंतीतून होती. म्हणून एप्रिलमध्ये गवंड्याकडून बाहेरच्या भेगा बुजवून घेतल्या आणि भिंत महिनाभर उन्हात तापू दिली.

आतून सैल झालेलं प्लास्टर खरवडलं, ब्रशने झाडलं, भेगा भरल्या आणि भिजवून मुरलेल्या चुन्याचे दोन हात दिले. चुन्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही आणि भिंतीला श्वास घेता येतो. मात्र चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. चष्मा आणि हातमोजे घालूनच काम करावं, लहान मुलांना त्या वेळी खोलीत येऊ देऊ नये.

कोपऱ्यांत मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती उधई. नळ्या खरवडून ती जात नाही. तिचं वारूळ जमिनीत असतं. तिथे जाणत्या माणसाकडून औषध मारून घेतल्याशिवाय लाकडाचं काम सुरूच करू नये.

मापं कोणी घेतली?

आठवीतल्या मुलीने. टेप, पेन्सिल आणि आलेखाची वही घेऊन कपाटाचा नकाशा तिने काढला : रुंदी ६ फूट, उंची ७ फूट, खोली १८ इंच, मधोमध विटांची भिंत, दोन्ही बाजूंना कडप्प्याचे चार-चार कप्पे. १ इंचाला १ फूट हे प्रमाण तिने स्वतः ठरवलं. वर्गात 'प्रमाण' शिकवताना जे सांगून समजत नाही ते इथे एका दुपारी समजलं.

हे सुचण्यामागेही वर्ध्याचाच वारसा आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली होती. हाताच्या कामातून शिक्षण द्यावं, हा गांधीजींचा विचार तिथे चर्चेला आला. अभ्यासक्रम तयार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन, हेच पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. समितीने सुचवलेल्या मूळ उद्योगांत सूतकताई-विणकाम आणि शेतीबरोबर सुतारकामही होतं. गणित, भाषा, विज्ञान हे त्या कामाला जोडून शिकायचं. बीएडच्या पुस्तकात आपण 'नई तालीम' पाठ करतो. घरात एक फळी कापायची वेळ आली की तिचा अर्थ कळतो.

मापांविषयी काही उपयोगी गोष्टी :

हँगरची रुंदी साधारण १७ इंच असते. म्हणून कपडे नेहमीसारखे आडव्या दांडीवर टांगायचे तर कपाट आतून किमान २२ इंच खोल हवं. जुन्या घरांतली भिंतीतली कपाटं १५ ते १८ इंचच असतात. दांडी लावली की दार लागत नाही. यावर उपाय म्हणजे दांडी डावीकडून उजवीकडे न लावता मागून पुढे लावायची. मग कपड्यांचा दर्शनी भाग समोर येतो. अशा दोन छोट्या दांड्यांवर आमचे वीस हँगर आरामात बसले.

बुरखा, शेरवानी, लांब फ्रॉक यांना ५ फुटांची मोकळी उंची लागते. कुर्ता आणि शर्टाला साडेतीन फूट पुरते. घडीच्या कपड्यांच्या कप्प्याची उंची १२ इंचांहून जास्त ठेवू नये. उंच कप्प्यात थप्पी उंच होते आणि खालचा कपडा ओढला की सगळी कोसळते.

उंच जागेसाठी आम्ही उजव्या भागातले दोन कडप्पे काढून घेतले. गवंडी त्यासाठीच बोलावला. ३ फुटांचा एक कडप्पा २५ किलोच्या आसपास भरतो. भिंतीत रुतलेला असा दगड घरच्यांनी ठोकून काढणं धोक्याचं. डाव्या बाजूच्या उंच कप्प्यांत मध्ये प्लायवूडच्या फळ्या घातल्या. प्लाय घेताना दुकानदाराला उकळत्या पाण्याला टिकणारा, म्हणजे बीडब्ल्यूआर प्रतीचा मागावा. साधा प्लाय आपल्या पावसाळ्यात फुगतो. फळी १८ मिलिमीटर जाड असली आणि टेकूंमधलं अंतर ३ फुटांच्या आत ठेवलं तर मध्ये झोळ येत नाही. फळी मागच्या भिंतीला चिकटवायची नाही, इंचभर फट सोडायची. दाराला वर-खाली चार-चार भोकं पाडून जाळी लावली, म्हणजे हवा खालून शिरते आणि वरून निघते.

फळी समपातळीत आहे का हे बघायला पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं धरायची. गवंडी लोकांची ही जुनी रीत महागड्या उपकरणाइतकीच चोख आहे. ड्रिल करण्याआधी बटणांच्या पाटीकडे बघावं. विजेची नळी बहुतेक वेळा पाटीच्या सरळ वर किंवा खाली गेलेली असते. त्या पट्ट्यात भोक पाडू नये आणि काम होईपर्यंत खोलीचा वीजपुरवठा मुख्य बटणावरून बंद करावा. ड्रिलसाठी दुसऱ्या खोलीतून लांब वायर ओढून घ्यावी.

लोखंडी कपाट भिंतीला बांधा

लग्नात आलेलं लोखंडी कपाट अनेक घरांत असतं. गोदरेजने १८९७ मध्ये कुलुपांपासून सुरुवात केली आणि १९२३ पासून पोलादी कपाटं बनवायला घेतली. तेव्हापासून चोरी आणि आग यांच्या भीतीने हे कपाट घराघरांत पोहोचलं. ते मजबूत असतं, पण फरशी उतरती असेल आणि मूल उघड्या दाराला लोंबकळलं तर ते पुढे कोसळू शकतं. वरच्या बाजूला दोन लोखंडी कोन स्क्रूने भिंतीला जोडले की धोका टळतो. अर्ध्या तासाचं आणि शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे. लहान मुलं असलेल्या घरांनी दुसरं काही नाही केलं तरी एवढं जरूर करावं.

आत काय, कुठे

डांबराच्या गोळ्या आम्ही पूर्ण बंद केल्या. त्यांत नॅफ्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. अशा बाळाला गोळ्यांबरोबर ठेवलेले कपडे किंवा दुपटी वापरली तर तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढते आणि जिवावर बेतू शकतं. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलीकरिता आपण जपून ठेवलेली झबली काढतो, तेव्हा हे लक्षात असावं. शिवाय गोळी मुलांना गोड गोळीसारखी दिसते. त्याऐवजी कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, निवल्यावरच आत ठेवावेत. घामाचे आणि खाण्याचे डाग असलेल्या कपड्यांनाच कसर लवकर लागते. कडुनिंबाचा वाळलेला पाला मलमलच्या पिशवीत बांधून ठेवावा.

जरीचे दुपट्टे आणि शालू प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत. आत दमटपणा कोंडून जरी काळी पडते. जुन्या सुती ओढणीत गुंडाळावेत आणि सहा महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर घडीवरच कापड चिरतं. जरीवर अत्तर लावू नये.

कागदपत्रांसाठी आम्ही मधल्या उंचीचा अर्धा कप्पा राखला. तळाचा कप्पा टाळला, कारण पाणी आणि उधई आधी तिथेच पोहोचतात. निकाहनामा, जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, जातीचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या, वारसांचे कागद. प्रत्येकाची वेगळी फाइल, पाठीवर नाव उर्दूत आणि मराठीत. जुने कागद लॅमिनेट करू नयेत. एकदा केलं की कागद पुन्हा मोकळा होत नाही. पारदर्शक पाकीट पुरेसं. प्रत्येक कागदाची एक प्रत दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकाकडे ठेवली. दाखल्यावर नावाचं स्पेलिंग एक आणि आधारवर दुसरं, हे आपल्या घरांत नेहमीचं दुखणं. उर्दू नाव मराठीत आणि इंग्रजीत लिहिताना जो तो आपापल्या परीने लिहितो. कागद एकत्र आल्यावर असे तीन फरक सापडले. मुलीच्या दहावीला दोन वर्षं आहेत. दुरुस्तीला वेळ आहे. हेच ऐन प्रवेशाच्या आठवड्यात कळलं असतं तर जागा हातची गेली असती.

मग कप्पे वाटले. नियम एकच : ज्याला वाकणं किंवा हात वर करणं सगळ्यांत अवघड, त्याने आधी निवडायचं. अम्मींनी कमरेच्या उंचीचा, दाराजवळचा कप्पा घेतला. त्यात ओढण्या, जानमाज, तसबीह आणि औषधांचा डबा. बाजूच्या खुंटीवर बुरखा. धाकट्या मुलाने खालचा घेतला. चार फुटांच्या वर त्याचा हातच पोहोचत नाही. मुलीने आपला कप्पा वेगळा मागितला आणि त्याला छोटं कुलूप हवं म्हणाली. थोडी चर्चा झाली. अम्मींनीच तिची बाजू घेतली : पेटीला कुलूप असायचं तेव्हा मला कोणी का विचारलं नाही? कुलूप लागलं.

खर्च आणि वेळ

एकूण खर्च साडेचार हजार रुपये झाला. प्लायचे तुकडे, पाइप, स्क्रू, चुना, जाळी आणि गवंड्याची मजुरी यांत सगळं आलं. रिकामे खोके, बंद घड्याळं आणि जुनं लोखंड भंगारात गेलं, त्याचे तीनशे चाळीस रुपये मुलांनी आपापसांत वाटून घेतले. नऊ दिवसांपैकी चार दिवस फक्त निवडण्यात गेले, आणि ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी तेवढे दिवस धरूनच चालावं.

ज्यांच्याकडे भाड्याचं घर आहे, भिंत फोडता येत नाही किंवा सुट्टी नाही, त्यांनी फळ्यांना हात न लावताही सुरुवात करता येईल. एका रविवारी कागदावर कप्पे मोजा, प्रत्येकासमोर नाव लिहा. ज्या माणसाचं नाव एकदाही आलं नाही, त्याच्यासाठी संध्याकाळपर्यंत एक कप्पा रिकामा करा. तो कमरेच्या उंचीचा असेल असं बघा.